केंट, पण कुठला?

कोबेच्या कागदाच्या दुकानात लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी एक भला मोठा पांढराशुभ्र कागद वाया घालवला. फाटला नाही, चुरगळलाही नाही. त्याच्या कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला होता. सकाळी डब्याला बटाट्याची भाजी केली होती. हात साबणाने घासून धुतले होते, तरी नखाच्या कडेला हळद राहिलीच. दुकानाचे मालक ओकादा-सान यांनी कागद उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सोहोनी-सान, हा रंग कुठला?"

हळदीचा जपानी शब्द मला येत नव्हता. "करी," मी म्हणाले.

"रंग चांगला आहे," ते म्हणाले. "पण हा केंट आहे. केंटवर आधीपासून काही असून चालत नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरी कामाच्या दिवशी सकाळच्या स्वयंपाकातली हळद बंद झाली. दुकानाला बुधवारी सुट्टी, म्हणून पोहे, पिवळं वरण, बटाट्याची भाजी सगळं बुधवारी. माझा नवरा माधव म्हणायचा, "लोकांचा आठवड्यातून एकदा उपास असतो. आमचं एकदा जेवण असतं."

माधव मुंबईच्या एका व्यापारी कंपनीत होता. त्याला तीन वर्षांसाठी कोबेला पाठवलं, आणि ती तीन वर्षं, मग दुसरी कंपनी, मग मुलाची शाळा असं करत लांबत गेली. मी मूळची मिरजेची. तिथे मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलींना कागदाला घामट हात न लावता काम कसं करायचं ते शिकवणारी मी, आणि इथे मलाच ते शिकावं लागलं.

आमचा मुलगा केतन इथल्या शाळेत जायला लागला तेव्हा घर खायला उठायचं. एकदा मोतोमाचीच्या मागच्या गल्लीत चित्रकलेच्या सामानाचं हे दुकान दिसलं. काचेवर अर्धवेळ मदतनीस हवी अशी पाटी होती. माझी भाषा तेव्हा भाजी आणि रेल्वे एवढीच. ओकादा-सान यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. कागदाचा एक मोठा ताव हातात दिला आणि टेबलाकडे बोट दाखवलं. मी समोरासमोरचे दोन कोपरे धरले, मधे सैल झोळ सोडला आणि तो नेऊन ठेवला. आम्ही शाळेत तसाच नेत असू. ते म्हणाले, "उद्यापासून जमेल?"

केंट म्हणजे काय हे मला गिऱ्हाइकाकडूनच कळलं. एक वयस्क गृहस्थ आले आणि म्हणाले, "केन्तो आहे?" जपानी जिभेवर शब्दाच्या शेवटी 'ट' टिकत नाही, त्याचा 'तो' होतो. केतनच्या वर्गात केन्तो नावाचा एक मुलगा होता. मला वाटलं, हे त्याचे आजोबा, चुकून इथे आले. मी जमेल तितक्या आदबीने सांगितलं, "केन्तो शाळेत असेल. तीन वाजता सुटेल."

ओकादा-सान एकदम वळून कपाटातलं काहीतरी शोधायला लागले. गृहस्थ वाकून नमस्कार करून गेले. तीन वाजता परत आले आणि तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "सुटला का?"

त्यांचं नाव मोरी-सान. जहाजबांधणीच्या कारखान्यात आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेले. त्यांनी काढलेली जहाजं केव्हाच मोडीत निघाली होती, आणि ती ते आता घरी बसून आठवणीने पुन्हा काढत होते. मी भारतातली आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "माझी दोन जहाजं तुमच्याकडेच गेली. अलंगला. तिथे किनाऱ्यावर तोडतात ना?" मी कधी अलंग पाहिलं नव्हतं. तसं सांगितल्यावर ते जरा हिरमुसले. मी तिथे त्यांचं जहाज उभं असलेलं पाहिलं असेल अशी त्यांना आशा असावी.

तर केंट हा कागद. आपल्याकडे ड्रॉइंगच्या तासाला कार्ट्रिज पेपर असतो, त्याच्याहून कडक, गुळगुळीत आणि दाट. शाईची रेघ त्यावर फुटत नाही. खोडरबराने घासला तरी त्याला लव सुटत नाही. घराचे नकाशे, जहाजांचे आराखडे, जाहिराती, चित्रकथा, शाळेतल्या मुलांचे तक्ते, सगळ्यांना हाच लागतो. जाडी सांगतात ती किलोत, म्हणजे हजार तावांचं वजन. एका कागदाला गिऱ्हाईक किलो का म्हणतंय हे समजायला मला बराच वेळ लागला. कागदालाही लाकडासारखी शीर असते, एका बाजूने तो सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो. ती डोळ्यांना दिसत नाही. ताव हलकेच वाकवून तळहाताला विचारावं लागतं. पावसाळ्यात कागद हवा पितो आणि कडा लाटेसारख्या उठतात, तेव्हा गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी आम्ही त्याला वरचा ताव देत नसू, मधला काढून देत असू.

म्हणून कुणी नुसतं "केन्तो द्या" म्हटलं की आमचा ठरलेला प्रश्न असे, "केंट, पण कुठला?" चित्रकथा काढणाऱ्या मुली तयार आखलेला मागत. आर्किटेक्चरची मुलं गुंडाळी मागत. शाळकरी मुलांच्या आया आदल्या संध्याकाळी धावत येत आणि म्हणत, "कुठला ते माहीत नाही, उद्या हवाय."

माधवला मी हे घरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "केंट म्हणजे सिगारेट ना? आमच्या साहेबांकडे परदेशातून यायची. पाकीट रिकामं झालं तरी टेबलावर ठेवायचे."

या नावाचा मूळ मालक मात्र पुढच्या वर्षी दुकानात आला.

उंच, खांद्यात थोडा वाकलेला गोरा माणूस. वरच्या चढावरच्या वस्तीत राहणारा, मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. कॉलेजच्या कसल्याशा कार्यक्रमासाठी रंग घ्यायला आला होता. रुंद खणांवरच्या चिठ्ठ्या वाचत तो एका खणापाशी थांबला आणि सुरेख जपानीत म्हणाला, "हा केंट कुठून येतो?"

"शिझुओकाहून," ओकादा-सान म्हणाले.

"मी केंटहून येतो," तो म्हणाला.

केंट हा इंग्लंडमधला एक परगणा, आपल्याकडचा जिल्हा म्हणा, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचं नाव जेफ्री. त्यांच्या गावाजवळून मेडवे नावाची नदी जाते आणि तिच्या काठाने एके काळी कागदाच्या गिरण्या होत्या. तिथला कागद जपानात आला तो गावाचं नाव घेऊन. पुढे जपानी लोक तसाच कागद स्वतः करायला लागले, नाव तेवढं राहिलं. "तिकडे जाऊन केंट पेपर मागितलात तर तुम्हाला वर्तमानपत्र देतील," जेफ्री-सान म्हणाले. ते त्या दिवशी रंग विसरले आणि केंटचा एक ताव घेऊन गेले.

महिन्याभराने त्यावर पेन्सिलीने काढलेलं चित्र घेऊन आले. गोल भिंतींची घरं, वर टोपीसारखी निमुळती छपरं, टोकाला पांढरी झाकणं. बिअरला लागणारी फुलं सुकवायच्या त्या भट्ट्या. त्यांच्या लहानपणी गावाभोवती अशा पुष्कळ होत्या. चित्र वरच्या बाजूला कोंबल्यासारखं झालं होतं, खाली अर्धा ताव नदीनेच खाल्ला होता.

माझ्यातली चित्रकलेची बाई जागी झाली. "आधी क्षितिज आखून घ्या," मी म्हणाले.

"तिथे क्षितिज नव्हतं," ते म्हणाले. "बागाच बागा होत्या."

मग ते येतच राहिले. त्यांची जपानी बायको आयको-सान होती तेव्हा तिच्याबरोबर, ती गेल्यावर एकटे. केतन शाळा सुटल्यावर दुकानात येऊन बसायचा, त्याला ते इंग्रजी शिकवत. केतनच्या वर्गात आता दोन केन्तो झाले होते. खेळताना हाक मारायला पोरांना केतन अवघड जायचं, केन्तो सरळ बाहेर पडायचं. जेफ्री-सानना हे कळलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. "माझा जिल्हा, तुमचा कागद आणि हा मुलगा," ते म्हणाले, "सगळे एकाच खणातले." मीही हसले. टोपणनावाचं कुणाला काय वाटायचं? आमच्या मिरजेच्या गल्लीत अर्ध्या मुलांची खरी नावं हजेरीपुस्तकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

केतन मोठा झाला, टोकियोला नोकरीला लागला, एदोगावात राहायला गेला. मिहो नावाच्या मुलीशी त्याने लग्न केलं. मुलगी झाली. मराठी तो समजतो सगळं. उत्तर मात्र जपानीत देतो. मी मराठीत विचारायचं आणि त्याने जपानीत सांगायचं, असं आमचं इतकी वर्षं चाललंय की मधे भाषा बदलते हे आम्हाला जाणवत नाही. त्याच्या कामावरच्या लोकांसाठी तो केन्तो, मिहोसाठीही केन्तो. माझ्यासाठी केतन.

एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

"आई, मी इथलं नागरिकत्व घेतोय. अर्ज करायचाय."

मी म्हणाले, "घे की." मनाची तयारी केव्हाच झाली होती. त्याचं घर, बायको, मूल सगळं इथलं. आपला देश दुसरं नागरिकत्व ठेवू देत नाही आणि जपानही देत नाही, हेही माहीत होतं.

"नाव पण बदलतोय," तो म्हणाला. "किताजिमा केन्तो."

किताजिमा हे मिहोचं आडनाव. मी विचारलं, "केतन लिहिता येत नाही का त्यांना?"

"येतं."

तो खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. "मग?" मी विचारलं.

"आई, मी फोनवर नाव सांगतो, ते दोनदा विचारतात. मग मी अक्षरं सुटी करून सांगतो. मग ते विचारतात, कुठले? मग म्हणतात, जपानी किती छान बोलता. मी लहानपणापासून इथे आहे गं. मला एकदा तरी नाव सांगून गप्प बसायचंय." मग म्हणाला, "आणि सरकारी नोंदीत घरात मिहो आहे, तिच्याखाली मुलगी आहे. मी बाजूला शेऱ्यात आहे. परदेशी बापाला तिथे ओळ नसते."

"केतन म्हणजे काय, आठवतंय?"

"घर," तो म्हणाला. हे त्याने मराठीत म्हटलं. "तूच सांगितलं होतंस."

"आणि केन्तो?"

"धडधाकट माणूस."

मी फोन माधवच्या हातात दिला. ते दोघं बराच वेळ बोलले, क्रिकेटचंही बोलले. फोन ठेवल्यावर माधव म्हणाला, "विमानतळावरच्या रांगांना कंटाळला असेल," आणि गॅलरीत जाऊन त्याने सकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं. सोहोनी हे त्याच्या वडिलांचंही आडनाव होतं. त्याबद्दल तो तेव्हा एक शब्द बोलला नाही, आणि नंतरही नाही.

पुढे कित्येक दिवस केतनचा फोन आला की मी तो माधवकडे देत असे. रागावले होते असं नाही म्हणता येणार. त्याला हाक काय मारायची हेच मला सुचत नव्हतं.

अशात एकदा जेफ्री-सान दुकानात आले. आता ते ऐंशीच्या पुढे गेले होते, काठी घेऊन चढ उतरत. नेहमीसारखे म्हणाले, "एक केंट." आणि इतक्या वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाशी बोलले नव्हते अशी मी त्यांच्याशी बोलले. "तुमच्या केंटने माझा मुलगा नेला," मी म्हणाले.

त्यांना काही कळेना. मी सगळं सांगितलं. ओकादा-सान आतल्या खोलीत चहा करायला निघून गेले. जेफ्री-सान खुर्चीत बसले, काठी दोन गुडघ्यांमधे धरली.

"मी कागदोपत्री जेफ्री एवढाच उरलोय, ठाऊक आहे तुम्हाला?" ते म्हणाले. "आडनाव निशिमुरा. आयकोचं. मी पण इथला नागरिक आहे. फार वर्षं झाली."

मला ठाऊक नव्हतं. त्यांना दुकानात सगळे जेफ्री-सानच म्हणत.

"तेव्हा परदेशी नवऱ्याचं नाव घराच्या दाखल्यावर बायकोशेजारी येत नसे," ते म्हणाले. "आयको शाळेत, दवाखान्यात तो दाखला द्यायची आणि समोरचा माणूस तिच्याकडे बघायचा, मुलीकडे बघायचा. बाप नाही म्हणून. मला तिच्या शेजारची ओळ हवी होती. तुमच्या मुलासारखीच."

"तुमच्या आईला काय वाटलं?" मी विचारलं.

"आईला सांगितलंच नाही." ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "दर दोन-तीन वर्षांनी मी घरी जायचो. लंडनच्या विमानतळावर आपल्या लोकांची रांग वेगळी, परक्यांची वेगळी. मी परक्यांच्या रांगेत, ती फार हळू सरकते. आई बाहेर वाट बघत उभी असायची. म्हणायची, इतका उशीर? मी म्हणायचो, बॅगा उशिरा आल्या. प्रत्येक वेळी बॅगाच. एकदा ती म्हणाली, जेफ, पुढच्या वेळी हातात मावेल तेवढंच सामान आण, म्हणजे लवकर बाहेर येशील. पुढच्या वेळी मी हातातलीच बॅग घेऊन गेलो. तरी तितकाच उशीर झाला. तिने काही विचारलं नाही. घरापर्यंत गाडीत हवेच्या गप्पा मारल्या. नंतर वर्षभरात गेली."

चहा आला. तो पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या मुलाने अर्ज करायच्या आधी तुम्हाला फोन केला. मला ते जमलं नाही."

मी त्यांना केंटचा ताव काढून दिला. मधला. घरी जाऊन केतनला फोन लावला आणि म्हणाले, "कर अर्ज."

"बाबा बोलले का तुझ्याशी?"

"नाही. जेफ्री-सान."

तो जपानीत म्हणाला, "त्यांना नमस्कार सांग."

अर्ज मंजूर व्हायला बराच काळ लागला. त्या मधल्या काळात जेफ्री-सानना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची मुलगी कॅनडात होती, ती निघून येईपर्यंत काही दिवस जाणार होते. एक दिवस हॉस्पिटलमधून दुकानात फोन आला. त्यांची जपानी भाषा गेली होती. इतकी वर्षं इतकी सुरेख बोललेली भाषा एका सकाळी नाहीशी झाली आणि फक्त इंग्रजी उरलं. ओकादा-सान म्हणाले, "दुकानाचं मी बघतो. तुम्ही जा." तेव्हापासून जेफ्री-सानची मुलगी येईपर्यंत मी रोज तिथे जात होते. माझ्या नोकरीतलं हे काम कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, पण मी ते नोकरीतच धरते.

नर्स आली आणि म्हणाली, "निशिमुरा-सान, औषध." त्यांनी मान वळवली नाही. औषध देण्याआधी पेशंटने स्वतःचं नाव सांगायचं, असा तिथे नियम असतो. नर्सने पुन्हा विचारलं. ते माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "ती कुणाला हाक मारतेय?"

"तुम्हाला. निशिमुरा म्हणजे तुम्ही."

"नाही," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "निशिमुरा आयको. ती बाहेर गेली आहे. येईल इतक्यात."

मी नर्सला बाहेर नेऊन सांगितलं की यांना जेफ्री-सान म्हणा. ती भली मुलगी होती, दुसऱ्या दिवसापासून तसं म्हणायला लागली. औषधाच्या वेळी मात्र तिला निशिमुराच लागायचं. मग मी त्यांच्या कानाशी तो शब्द सांगायचे आणि ते माझ्यामागून म्हणायचे, शाळेतल्या मुलाने पाढा म्हणावा तसे. बाकीच्या वेळात ते त्या नदीबद्दल बोलत. काठाने चालत गिरणीपर्यंत जाता येतं, पण पुढे चिखल आहे, बूट खराब झाले तर आई रागावेल, असं.

परतीच्या गाडीत मला एकच विचार छळायचा. केतन म्हातारा होईल. अशाच एखाद्या खोलीत पडलेला असेल आणि दारातून कुणी म्हणेल, "किताजिमा-सान." तो मान वळवील का? आणि नाही वळवली, तर त्याच्या कानाशी दुसरं नाव सांगायला तिथे कोण असेल? मिहोला ते नाव नीट म्हणता येत नाही. मी तर नसणारच. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला तेव्हा आणखी पन्नास वर्षं जगावंसं वाटलं.

जेफ्री-सान त्यातून उठले नाहीत. मुलगी आली, तिच्याशी बोलले आणि गेले. तिने त्यांची चित्रं बरोबर नेली. सगळ्यांत भट्ट्या वर कोंबलेल्या आणि खाली नदी.

त्यानंतर लवकरच ओकादा-साननी दुकान बंद केलं. नकाशे आता पडद्यावर निघतात, चित्रकथाही. मोरी-सान आधीच गेले होते. शेवटच्या दिवशी आम्ही खण पुसले आणि उरलेले ताव शेजारच्या शाळेला दिले. ओकादा-सान म्हणाले, "सोहोनी-सान, आता रोज करी खा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीत हळद घातली आणि हात धुवायला नळाशी गेले. कितीतरी वेळ नखं घासत होते.

मंजुरीचं पत्र आल्यावर केतनने फोन केला. भारतीय पासपोर्ट दूतावासात नेऊन द्यायचा होता. "आई, तू येशील बरोबर?" त्याने विचारलं. मी टोकियोला गेले. त्याच्या घराजवळच्या निशीकासाई स्टेशनाहून दूतावासाकडे गाडी थेट जाते. आम्ही दोघं शेजारी बसलो. त्याने पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि मधूनमधून वरून चाचपून बघत होता, लहानपणी परीक्षेला जाताना कंपास चाचपायचा तसा.

खिडकीवरच्या गृहस्थांनी पासपोर्ट उघडला आणि जन्मगाव वाचून मान वर केली. "मिरज? मी कोल्हापूरचा," ते मराठीत म्हणाले. "मिरजेत कुठे?"

प्रश्न केतनला होता. तो जन्मला तिथे, पण घर त्याला नीट आठवत नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "आईचं माहेर. स्टेशनजवळ." मराठीत, जरा अडखळत. गृहस्थ म्हणाले, "मग आमच्या शेजारचेच तुम्ही," आणि त्यांनी पासपोर्टच्या पानांवर रद्द झाल्याचे शिक्के मारले. मारताना ते आमच्याकडे बघत नव्हते. पासपोर्ट परत देताना मात्र त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला, इथल्या पद्धतीने.

बाहेर आल्यावर आम्ही राजवाड्याच्या खंदकाच्या कडेने चालत निघालो. थंडी होती, झाडं उघडी होती. केतनने पासपोर्ट माझ्या हातात ठेवला. "तुझ्याकडे राहू दे," म्हणाला. मी तो पर्समध्ये ठेवला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आई, आता तू मला काय हाक मारणार?"

"तू कशाला ओ देशील?"

"तू मारशील त्या हाकेला," तो म्हणाला.

स्टेशन आलं, जिने आले, मिहोचा फोन आला आणि तो विषय तिथेच राहिला.

माझ्या आईने जन्मभर माझ्या वडिलांना नावाने हाक मारली नाही. "अहो" म्हटलं की घरातल्या कुठल्याही खोलीतून ते ओ देत. मीही लग्नानंतर माधवला "अहो"च म्हणायचे. कोबेला आल्यावर ऐकायला सासू नाही, शेजारी नाहीत, म्हणून हळूहळू नावावर आले. आता मी उलटी चालले आहे. त्या दिवसापासून मी मुलाला अजून एकदाही नावाने हाक मारलेली नाही. रविवारी फोन लागतो, पलीकडे नातीचा आवाज असतो, भांड्यांचा आवाज असतो. मी म्हणते, "अरे, जेवलास का?"

"हो," तो म्हणतो, "जेवलो." तेवढं मराठीत म्हणतो. मग पुढचं जपानीत सांगायला लागतो.